पोलादाची रीत आणि ‘हे तर कोणालाही सुचले असते’

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी शिक्षण, शिष्यवृत्ती, विवाहातील खर्च अशा आपल्या जिव्हाळ्याच्या विषयांवर विचार मांडले जातात. यंदा मंडळाने आमच्याकडे जो विषय सोपविला आहे तो प्रथमदर्शनी रुक्ष व परका वाटण्याचा संभव आहे. पोलाद तयार करण्याची एखादी रीत खरोखर नव्या बुद्धीची होती की ती कोणाही जाणत्या कारागिराला सहज सुचली असती, या प्रश्नावर परदेशांतील न्यायालयांत जे वाद झाले त्यांची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत. परंतु आपल्या ज्ञातीतील किती घरांचा चरितार्थ आज लेथ, भट्टी आणि साचा यांवर चालतो हे ध्यानी घेतले म्हणजे हा विषय वाटतो तितका परका नाही, अशी आपली खात्री होईल.

प्रथम पेटंट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सरकारी मराठीत यास ‘एकस्व’ म्हणतात. हा संशोधक आणि समाज यांमधील एक सौदा होय. संशोधकाने आपली रीत दुसऱ्या जाणत्या माणसाला करता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यावयाची. समाजाने त्याबद्दल त्याला ठराविक मुदतीपर्यंत ती रीत वापरण्याचा एकट्याचा हक्क द्यावयाचा. आणि मुदत संपताच ती रीत सर्वांची व्हावयाची. आपल्या देशात आज ही मुदत २० वर्षांची आहे. हा हक्क मिळण्यास रीत नवी असली पाहिजे, उपयोगी असली पाहिजे, आणि त्या धंद्यातील जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी नसली पाहिजे.

यांपैकी पहिल्या दोन अटींचा निकाल कागदपत्रांवरून व प्रत्यक्ष प्रयोगावरून लावता येतो. सारी अडचण तिसरीत आहे. रीत ‘नवी’ आहे किंवा नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. ती ‘सहज सुचण्याजोगी’ होती किंवा नाही हा मात्र माणसाच्या मनाचा प्रश्न आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपल्याकडे म्हण आहे. कळसा सापडल्यावर सगळेच म्हणतात की तो तेथेच तर होता! परंतु सापडण्यापूर्वी सारे गाव का फिरत होते, याचे उत्तर कोणी देत नाही. न्यायाधीशाला हे उत्तर द्यावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ साली दाराच्या मातीच्या मुठींसंबंधीच्या एका खटल्यात असे ठरविले की, जुन्या आकाराची मूठ लाकूड वा धातूऐवजी चिनी मातीची करणे हे कुशल कारागिराचे काम आहे, संशोधकाचे नव्हे. हेच तत्त्व पुढे १९५२ च्या अमेरिकन कायद्यात शब्दबद्ध झाले.

आता पोलादाकडे वळू. झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडात कर्बाचे प्रमाण फार असते. तो जाळून कमी केला की पोलाद होते. इंग्लंडात हेन्री बेसेमर याने ऑगस्ट १८५६ मध्ये जाहीर केले की वितळलेल्या लोखंडातून नुसती थंड हवा फुंकली तरी आतील कर्ब व सिलिकॉन पेटतात आणि त्यांच्याच उष्णतेने धातू पातळ राहतो, वेगळे इंधन लागत नाही. त्याच वर्षी त्याला अमेरिकेतही पेटंट मिळाले. तेव्हा केंटकीमधील विल्यम केली हा लोखंडाचा कारखानदार पुढे आला. हवा फुंकण्याचे प्रयोग आपण कित्येक वर्षे आधीपासून करीत आहोत असे त्याने साक्षीपुराव्याने दाखविले, आणि १८५७ साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीने त्याचा अग्रहक्क मान्य केला. हा वाद ‘आधी कोण’ असा होता, ‘सहज सुचण्याजोगे काय’ असा नव्हता. म्हणून त्यात आम्ही अधिक शिरत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. केलीने आपले काम बरीच वर्षे झाकून ठेवले होते, आणि दुसऱ्याचे नाव गाजू लागल्यावरच तो पुराव्यासाठी धावला. त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले, परंतु जगात रीत बेसेमरच्या नावानेच ओळखली गेली.

बेसेमरच्या रीतीत एक मोठे न्यून राहिले होते. लोखंडात स्फुरद असला तर तो निघत नसे आणि पोलाद ठिसूळ होई. हे न्यून सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या लंडनच्या पोलीस कोर्टातील एका तरुण कारकुनाने दूर केले. दिवसा कचेरी आणि रात्री रसायनशास्त्राचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. वेल्समधील कारखान्यात रसायनज्ञ असलेला त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याने प्रयोगांत साह्य केले. भट्टीला आतून चुनखडीच्या जातीचे अस्तर द्यावे आणि धातूत चुना टाकावा, म्हणजे स्फुरद मळीत उतरतो, ही ती युक्ती. टॉमसचे पेटंट १८७७ चे. परंतु जॉर्ज स्नेलस या धातुतज्ज्ञाने १८७२ मध्येच चुन्याच्या अस्तराचे पेटंट घेतलेले होते! येथे कोर्टकज्जा विकोपास न जाता प्रकरण लवादाने मिटले, आणि १८८३ साली बेसेमर सुवर्णपदक टॉमस व स्नेलस या उभयतांना मिळून देण्यात आले. दोन बुद्धिमान माणसांनी एकाच वाटेने चालून एकमेकांचा मान राखल्याचे हे उदाहरण आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

आता ज्या दोन खटल्यांत ‘सहज सुचणे’ हाच कळीचा मुद्दा होता त्यांकडे येऊ. पहिला खटला जोन्सच्या मिक्सरचा.

कॅप्टन विल्यम जोन्स हा पिट्सबर्गजवळच्या कार्नेगीच्या एडगर टॉमसन कारखान्याचा व्यवस्थापक. तेथे निरनिराळ्या झोतभट्ट्यांतून लोखंड येई. परंतु एका घाण्यात सिलिकॉन अधिक, दुसऱ्यात गंधक अधिक, तिसऱ्याची तऱ्हा निराळी. पोलादाच्या भट्टीला तर प्रत्येक वेळी सारखाच माल हवा. पूर्वी लोखंडाच्या कांबी ओतून थंड करीत, निवडीत आणि पुन्हा वितळवीत. यात वेळ, कोळसा व मजुरी यांचा मोठा व्यय होई. जोन्सने दोहोंच्या मध्ये एक प्रचंड झाकलेले पात्र बसविले. भट्ट्यांतील रस त्यात ओतावयाचा, लागेल तेवढा काढावयाचा, परंतु पात्र कधीही पूर्ण रिकामे करावयाचे नाही. आत नेहमी मोठा साठा शिल्लक ठेवावयाचा. नवा घाणा कसाही असो, मोठ्या साठ्यात मिसळताच त्याचे वेगळेपण विरून जाई, आणि बाहेर पडणारा रस दिवसेंदिवस एकसारखा राही. आपल्या गृहिणी विरजणासाठी आदले थोडे दही राखून ठेवतात, त्याची येथे आठवण व्हावी; मात्र येथे थोडे राखावयाचे नसून बरेच राखावयाचे, हा फरक.

या रीतीचे पेटंट जून १८८९ मध्ये मिळाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भट्टीच्या स्फोटात भाजून जोन्स मरण पावला. पुढे कार्नेगी कंपनीने केंब्रिया कंपनीवर फिर्याद केली. योगायोग असा की जोन्सने पूर्वी याच केंब्रियाच्या कारखान्यात काम केले होते. प्रतिवादीचे म्हणणे साधे व जोरदार होते: वितळलेली लोखंडे एका भांड्यात मिसळणे ओतकामाच्या कारखान्यांत जुनेच आहे, भांड्यात थोडा रस शिल्लक ठेवणे यात कसली आली बुद्धी? पहिल्या न्यायालयाने पेटंट उचलून धरले, वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि १९०२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उलटवून पेटंट ग्राह्य ठरविले. तोही निकाल एकमताचा नव्हता. पाच न्यायाधीश एका बाजूस आणि चार दुसऱ्या बाजूस होते. बहुमताचा आशय असा की, पूर्वी मिसळणारे लोक भांडे भरीत आणि रिते करीत. मोठा साठा जाणूनबुजून सतत राखून घाण्यांची विषमता नाहीशी करणे हे कोणी शिकविले नव्हते. अडचण सर्वांना जाचत होती, उपाय साधा होता, तरी तो कोणी केला नाही. आणि सापडताच धंद्याने तो उचलला. साधेपणा हा दोष नव्हे, असा या निकालाचा बोध आम्ही घेतो. परंतु नऊ विद्वानांपैकी चौघांना तोच उपाय सहज वाटला हेही विसरून चालणार नाही.

दुसरा खटला याहून मोठा, आणि त्याचा निकाल उलट लागला.

हवेत सुमारे चार-पंचमांश नत्रवायू असतो. बेसेमरच्या भट्टीत तो फुकट उष्णता घेऊन जाई आणि काही अंशी पोलादात राहून त्यास ठिसूळ करी. त्याऐवजी शुद्ध प्राणवायू फुंकावा ही कल्पना बेसेमरच्या काळापासून होती, परंतु तेव्हा प्राणवायू स्वस्त नव्हता. जर्मनीत लिंडे याने हवा द्रवरूप करण्याची रीत काढल्यानंतर विसाव्या शतकात तो मोठ्या प्रमाणात मिळू लागला. तरी संकट संपले नाही. भट्टीच्या तळातून शुद्ध प्राणवायू सोडला की उष्णतेने तळच जळून जाई. तेव्हा तो वरून, पाण्याने थंड ठेवलेल्या नळीतून सोडावा असा विचार पुढे आला. जर्मनीत श्वार्ट्स याच्या १९३९ च्या पेटंट अर्जात प्राणवायूची वेगवान धार वरून धातूत खोल घुसविण्याची रीत होती. १९४६ चे माइल्स यांचे बेल्जियन पेटंटही त्याच दिशेचे. स्वित्झर्लंडात गेर्लाफिंगेन येथे प्राध्यापक रॉबर्ट डुरर व त्यांचे सहकारी हेलब्रुगे यांनी १९४८ मध्ये लहान भट्टीत वरून प्राणवायू फुंकून पोलाद करून दाखविले.

त्यानंतर ऑस्ट्रियातील लिंझ येथील अभियंत्यांनी, थिओडोर स्यूस यांच्या नेतृत्वाखाली, जून १९४९ मध्ये प्रयोग हाती घेतले. आरंभी धार खोल घुसविण्याचाच प्रयत्न झाला. नळीचे तोंड जळे आणि भट्टीच्या तळाची हानी होई. मग त्यांनी नळी वर उचलली, जोर कमी केला, आणि धार पृष्ठभागावर पडू दिली. आश्चर्य असे की रस आपोआप ढवळला जाऊ लागला, कारण कर्ब जळून निघणारा वायूच ते काम करीत होता. आणि पोलाद उत्तम निघाले. नोव्हेंबर १९५२ मध्ये लिंझ येथे सुमारे ३० टनी भट्ट्यांचा कारखाना सुरू झाला, दुसऱ्या वर्षी डोनाविट्झ येथे. या दोन गावांच्या आद्याक्षरांवरून रीतीला एल. डी. हे नाव पडले. जुन्या उघड्या चुलीच्या भट्टीत एका घाण्यास आठ-दहा तास लागत. येथे पाऊण तासाच्या आत काम होई. आपल्या देशात ही रीत प्रथम राउरकेला येथील कारखान्यात आली.

अमेरिकेत ही रीत प्रथम कोणी उचलली? बलाढ्य कंपन्यांनी नव्हे. डेट्रॉइटजवळील मॅकलाउथ स्टील या तुलनेने लहान कंपनीने १९५४ मध्ये ती सुरू केली. मोठ्या कंपन्या जवळजवळ एक दशक मागे राहिल्या. अमेरिकेतील हक्क कैसर कंपनीकडे होते. स्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावाचे अमेरिकन पेटंट १९५७ मध्ये मिळाले, आणि कैसरने मॅकलाउथवर पेटंटभंगाचा दावा लावला. १९६६ साली मिशिगनमधील न्यायालयाने हे पेटंट अग्राह्य ठरविले. १९६८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. कारण काय? वरून फुंकणे, शुद्ध प्राणवायू, थंड ठेवलेली नळी, हे सर्व आधी छापून प्रसिद्ध झालेले होते. उरला तो नळीच्या उंचीचा व धारेच्या जोराचा फरक. आणि असे फरक करून पाहणे हे त्या धंद्यातील जाणकाराच्या नेहमीच्या प्रयोगाच्या कक्षेत येते, असे न्यायालयाचे मत पडले. रीत साऱ्या जगात पसरली, तिने पोलादाच्या धंद्याचे रूप पालटले. तथापि यश म्हणजे नवबुद्धीचा निर्णायक पुरावा नव्हे.

श्रोतेहो, हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. एकीकडे भांड्यात रस शिल्लक ठेवणे ही नवबुद्धी ठरली. दुसरीकडे ज्या युक्तीने जगाचे पोलाद बदलले ती सहज सुचण्याजोगी ठरली. यात विसंगती आहे, असे कोणासही वाटेल. आमच्या मते भेद रीतीच्या मोठेपणात नसून तिच्या आधी काय लिहिले गेले होते यात आहे. जोन्सच्या आधी कोणी साठा राखण्यास शिकविले नव्हते. लिंझच्या आधी तिघाचौघांनी बहुतेक वाट आखून ठेवली होती. लिंझच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. आधीचे लेखक धार खोल घुसवा म्हणत होते, आणि लिंझने नेमके त्याच्या उलट केले. जाणकार ज्या दिशेला पाठ फिरवून उभे होते त्या दिशेने जाणे हे ‘सहज’ कसे, असा प्रश्न आजही विचारता येतो. परंतु प्रयोगात नळी वर-खाली करून पाहणे हे कोणता कुशल माणूस करणार नाही, हा उलट प्रश्नही तितकाच सबळ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मधील एका निकालात स्पष्ट केले की कायद्यातील हा कल्पित जाणकार नुसता यंत्रवत् चालणारा नसतो. सामान्य कल्पकता त्यालाही असते. त्यामुळे पेटंट टिकविणे अधिक कठीण झाले आहे.

आपल्या देशातही हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि तो पोलादाच्या प्रचंड कारखान्याचा नव्हता, तर भांड्यांच्या धंद्याचा होता. मिर्झापूर येथील एका कारखान्याने लेथवर भांडी घट्ट धरून कातण्याच्या साधनासाठी १९५१ चे पेटंट घेतले होते. पूर्वीच्या पद्धतीत भांडे फिरता फिरता उडून कामगारास इजा होण्याचे भय असे. नव्या साधनात समोरच्या बाजूने दाब देणारा दांडा जोडला होता. दुसऱ्या भांडेवाल्यावर दावा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एकदा एक व एकदा दुसरा असा निकाल लागला. आणि १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरविले. लेथला असा दाबदांडा असणे नवीन नव्हते. ते कारखान्यातील सुधारणेपलीकडे जात नाही, असा निर्णय झाला. सुधारणा उपयुक्त होती, कामगाराचा जीव सुरक्षित करणारी होती, हे कोणी नाकारले नाही. परंतु उपयुक्त सुधारणा आणि नवशोध यांत अंतर आहे. १९७० च्या आपल्या कायद्यात ‘सहज सुचण्याजोगे’ असणे हे पेटंटास विरोध करण्याचे व ते रद्द करण्याचे कारण मानलेले आहे.

आता हा सारा विस्तार ज्यासाठी केला त्याकडे येतो. ज्ञातिमंडळाच्या पंचांकडे अलीकडे एक तक्रार आली आहे. नावे घेण्याचे कारण नाही. दोन्ही घरे आपल्याला सारखीच प्रिय आहेत. विळे-कोयत्यांच्या पात्यांना पाणी देण्याची एक रीत थोरल्या घरातील कारखान्यात रुळली. तेथे काम शिकलेल्या पुतण्याने स्वतंत्र कारखाना काढून तीच वापरली. एक म्हणतो, ‘ही माझी बुद्धी.’ दुसरा म्हणतो, ‘यात काय आहे? हे तर कोणालाही सुचले असते.’ दोन्ही घरांतील बायकामुलांचे एकमेकांकडे जाणे-येणे थांबले आहे. आम्ही निकाल देणारे कोण? तो पंचांचा व प्रसंगी न्यायालयाचा अधिकार. परंतु वर सांगितलेल्या वादांतून तीन प्रश्न हाती लागतात, ते दोन्ही बाजूंनी स्वतःला विचारावेत अशी आमची विनंती आहे.

पहिला प्रश्न: ही रीत निघण्यापूर्वी आपल्या धंद्यात नेमके काय माहीत होते? आपल्या वडिलांनी, शेजारच्या गावच्या लोहाराने, छापील पुस्तकाने काय शिकविले होते? दुसरा: जुन्यात व नव्यात नेमका फरक कोणता? तो एका वाक्यात सांगता येत नसेल तर बहुधा तो नाहीच. तिसरा: तो फरक करण्यास जाणत्या माणसाला विशेष विचार करावा लागला असता काय, की चार वेळा करून पाहताच तो हाती आला असता? थोरल्या घराने हे प्रश्न प्रामाणिकपणे विचारले तर कदाचित आपला हक्क वाटला त्याहून लहान आहे असे दिसेल. धाकट्या घराने विचारले तर काकांच्या वीस वर्षांच्या कष्टाला ‘यात काय आहे’ म्हणून झटकणे किती सोपे व किती अन्यायाचे आहे हे कळेल. कायद्याने हक्क नसला तरी ऋण असू शकते. टॉमस व स्नेलस यांनी पदक वाटून घेतले. आपल्या घरांनी निदान सण तरी एकत्र करावेत.

तरुण कारखानदारांना दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या क्षेत्रात अर्धीच खरी आहे. मूठ कायमची झाकली तर विद्या माणसाबरोबर जाते. आणि अर्ज करण्यापूर्वी ती जगापुढे उघडली तर नवेपणाच जातो. म्हणून काही नवे सुचले तर तारीख घालून वहीत लिहा, आकृती काढा, फसलेले प्रयोगही नोंदवा. कारण फसलेले प्रयोगच दाखवितात की गोष्ट सहज नव्हती. मग प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा गिऱ्हाइकाला दाखविण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला घ्या. पेटंट कार्यालयाची एक शाखा मुंबईतच आहे; प्राथमिक तपशील देऊन अर्ज करता येतो आणि संपूर्ण तपशील देण्यास त्यानंतर १२ महिन्यांची मुदत मिळते; व्यक्ती व लघुउद्योग यांना शुल्कात सवलत आहे. तसेच जे सर्वांचे आहे त्यावर कोणी हक्क सांगू लागला तर पेटंट मिळण्यापूर्वी कोणासही लेखी विरोध नोंदविता येतो, हेही ध्यानात असू द्या.

सरतेशेवटी एवढेच म्हणावेसे वाटते की, बुद्धीचा मान आणि विद्येचा प्रसार ही पेटंटाच्या तराजूची दोन पारडी आहेत. न्यायालये ती तोलण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे झटत आहेत आणि अजूनही काटा हलतो आहे. आपण ज्ञातिबांधवांनी आपल्या लहानशा जगात तो तोल सांभाळावा. ज्याला सुचले त्याचे नाव घ्यावे, आणि ज्याने शिकून घेतले त्याला चोर म्हणू नये.